गुलाम पूर्वजाचा शोध : पणजीच्या पुराभिलेख खात्याची सेवा

पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोउतु याने 1595 साली घडी बसवलेला दप्तरखाना म्हणजेच आजचे पुराभिलेख खाते. गोव्यातल्या गुलामगिरीचे इतके कागद राज्यात दुसरीकडे मिळणे कठीण. साठा अव्वल, पण तयारीविना गेलात तर हात हलवत परताल.

अडचण अशी, की गुलामाच्या नावावरून काहीच हाती लागत नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत ‘दोमिंगोश, अमक्याचा एश्क्रावु’ (म्हणजे गुलाम) एवढेच असते. आडनाव नाही, आईबाप ‘अज्ञात’. वह्या पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे आहेत, म्हणून आधी पॅरिश आणि मालकाचे घराणे ठरवा आणि मगच वही मागवा. पुढे चिकटलेले आडनाव बहुधा मालकाचे किंवा धर्मपित्याचे असते. त्यावरून भाटकाराशी (जमीनदाराशी) रक्ताचे नाते जोडू नका. (असे वंशवृक्ष दिवाणखान्यात टांगलेले दिसतात.)

सुरुवात अलीकडून करा. पणजोबांचा जन्मदाखला काढताना साधा नको, ‘तेओर’ मागा. त्यात मूळ नोंद शब्दशः उतरते, आजी-आजोबांसकट. तिथून मागे जाताना तीन तारखा ध्यानात हव्यात. 14 डिसेंबर 1854 च्या हुकुमाने मालकांवर गुलामांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली, नोंद नसेल तो मुक्त. त्यामुळे त्या काळासाठी चर्चच्या वह्यांआधी गुलामांची नोंदणीपुस्तकेच मागवा. 24 जुलै 1856 च्या कायद्यानंतर गुलाम आईला झालेले मूल कागदावर स्वतंत्र, पण विसाव्या वर्षापर्यंत मालकाची चाकरी चुकत नसे. 1869 मध्ये उरलेले गुलाम ‘लिबेर्तु’, म्हणजे मुक्त केलेले, ठरले. तेव्हा 1870 च्या नोंदीत ‘एश्क्रावु’ शोधत बसू नका. त्याही मागे, 17व्या-18व्या शतकांसाठी, मुक्तिपत्रे म्हणजे ‘कार्ताश द आल्फोरिया’ पाहावीत.

मोडीचा जाणकार सोबत नेऊन उपयोग नाही, या वह्यांत पोर्तुगीज हस्ताक्षर आहे. फ्रान्सिश्कुचे ‘एफ’, ‘सी’ आणि वर छोटा ‘ओ’, मारियाचे ‘एम’वर ‘ए’, असे संक्षेप आधी गिरवून जा. शाईने कागद खाल्लेला असेल तिथे समासातले नाव वाचा, ते पुष्कळदा शाबूत असते.

कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी कुटुंबांना मात्र निराशेची तयारी हवी. गोव्याची सरहद्द ओलांडून पळालेल्या गुलामाच्या जाण्याची नोंद कोण ठेवणार? त्यांचा पूर्वज सापडला तर मालकाच्या बाजूनेच सापडेल, आणि मालकाचे नाव घरात कोणाला ठाऊक नसेल तर प्रवासखर्च वाचवलेला बरा.