डबल आयपीए: गटारी ते दिवाळी, आणि कॅनच्या बुडावरची तारीख

दिवाळीत आणलेल्या डबल आयपीए बिअरच्या कॅनला ओल्या पुठ्ठ्याची चव निघाली, दुकानदाराने तो बदलून दिला नाही आणि ब्रुअरीवाल्यांनी ‘एक्स्पायरीच्या आत आहे’ एवढं एका ओळीत कळवून हात झटकले. म्हणून हे लांबण लावतोय. वाद मिटलेला नाही, त्यामुळे नाव लिहीत नाही. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) सढळ हाताने घातलेली बिअर; डबल म्हणजे त्यातही हॉप्स आणि अल्कोहोल जास्त. ७.५ टक्के अल्कोहोल, ५०० मिलीचा कॅन, आणि किंमत अशी की तेवढ्यात स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्या येऊन वर चकण्यापुरते पैसे सुटतात.

हा शेवटचा हिशेब मेहुण्याचा. गटारीला तो घरी आला होता. कॅन हातात घेऊन त्याने टक्क्याला किती रुपये पडले ते तोंडी काढलं आणि म्हणाला, “दाजी, ८ टक्क्यांची स्ट्राँग निम्म्या पैशात मिळते. तुम्ही जास्त मोजून अर्धा टक्का कमी घेताय.” हिशेब बिनचूक होता. आपल्याकडे बिअरला ८ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे परदेशात ९-१० टक्क्यांपर्यंत जाणारा हा प्रकार इथे हात आखडूनच बनतो. चढण्यासाठी घ्यायची तर शुद्ध तोटा. पैसे जातात ते हॉप्सला. हिमाचलात लाहौलकडे थोडे हॉप्स पिकतात, पण सिट्रा, मोझॅक, सिमको ही वासाची मंडळी अमेरिकेतून येतात. त्यात ड्राय हॉपिंगला, म्हणजे वासासाठी टाकीतल्या बिअरमध्ये न उकळता, घातलेले हॉप्स बरीच बिअर पिऊन टाकीच्या तळाशी बसतात, ती गेलीच. हॉप्स आणि गांजा एकाच कुळातले, हे ऐकल्यावर मात्र मेहुण्याने कॅनकडे जरा आदराने पाहिलं.

पहिल्या घोटाला माझं मत वाईट होतं. फ्रिजमधून काढून लगेच ओतली, त्यामुळे वास शून्य आणि नुसता कडूपणा. ग्लास तसाच ठेवून बोंबील तळायला गेलो. परत आलो तोवर ती जरा निवळली होती, म्हणजे थंडी उतरली होती, आणि नाक ग्लासात घातल्यावर कळलं की पैसे कशाचे घेतात. आधी पपनसाची साल, मग पिकल्या आंब्याच्या देठाजवळचा चीक, मागून किंचित राळ. घोट घेतला की आधी माल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याची, गोडी, मग कडूपणा, तो घशाशी बराच वेळ रेंगाळतो, आणि शेवटी छातीत थोडी ऊब. ८-१० अंशांना प्यावी, त्याहून गार नको. मुंबईत त्यासाठी थर्मामीटर लागत नाही, दहा मिनिटं ओट्यावर ठेवली की झालं.

चकण्याचं एका वाक्यात: ठेचा, शेजवान, तिखट चिवडा यांच्याबरोबर घेऊ नका, कडूपणा आणि अल्कोहोल मिळून तिखट दुप्पट लागतं. रव्यातले बोंबील, खारे काजू, चीज उत्तम.

गटारीला दोन कॅन आणले होते, दुसरा राहिला. मग श्रावण, पाठोपाठ गणपती. आमच्याकडे अनंत चतुर्दशीपर्यंत बाटलीला हात लावत नाहीत, त्यामुळे तो कॅन दीडेक महिना फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या डब्यामागे पडून होता. विसर्जनानंतर उघडला. आंब्याचा वास थोडा बसला होता, बाकी सगळं जागेवर. त्या दिवशी मी या बिअरला दहापैकी नऊ दिले असते आणि हा अनुभव तिथेच संपला असता.

मग दिवाळी. नेहमीचंच दुकान, स्टेशनजवळचं, जाळीतून पैसे द्यायचे आणि जाळीतून माल घ्यायचा. दोन कॅन घेतले. पहिला उघडला तर पपनस नाही, आंबा नाही, काही नाही. काकवीसारखी गोडी, तिच्यामागे पुठ्ठा. आधी वाटलं ब्रुअरीने हॉप्स कमी केले, आपल्याकडे नाव झालं की हेच होतं. मग कॅन उलटा केला. बुडाला ठिपक्याठिपक्यांच्या शाईत पॅकिंगची तारीख असते. अर्धी पुसलेली होती, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचली. मार्चचा माल! म्हणजे एप्रिल, मे, ऑक्टोबर हे सगळं त्याने दुकानातल्या फळीवर, वर पंखा असेल-नसेल अशा जागी काढलेलं.

खात्री करायची म्हणून मॉलमधल्या एका दुकानातून ताजा कॅन आणला. तिथे बिअर काचेच्या फ्रिजमध्ये असते आणि आपण हात घालून निवडू शकतो. तारीख महिन्याच्या आतली. तो आणि दिवाळीचा उरलेला कॅन, दोन सारख्या ग्लासांत शेजारी शेजारी ओतले. ताज्याचा रंग तांबूस सोनेरी, जुन्याचा कोऱ्या चहाकडे झुकलेला. ताज्याचा फेस ग्लासच्या कडेला जाळी धरून खाली उतरत गेला, जुन्याचा मोठ्या बुडबुड्यांचा, पटकन बसला. बायकोला बिअरमध्ये काडीचा रस नाही. तिला दोन्ही नुसते हुंगायला दिले. एकाला ती म्हणाली “फळांचं काहीतरी,” दुसऱ्याला “माळ्यावरच्या खोक्याचा वास.” आणखी कुणाला विचारायची गरज पडली नाही.

कारण साधं आहे. कॅनमुळे उजेडापासून बचाव होतो. हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात ठेवली की जो घाणेरडा वास येतो, तो इथे येत नाही. पण कॅनमध्ये राहिलेला चिमूटभर प्राणवायू आणि उष्णता यांना पत्रा अडवत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की बिअर शिळी होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. फ्रिजमध्ये ४ अंशांना महिनाभरात जे व्हायचं ते ३० अंशांच्या फळीवर आठवड्याच्या आत होतं. आधी हॉप्सचा वास उडतो, मग कडूपणाही उतरतो, माल्टची गोडी तेवढी उघडी पडते आणि तिच्यावर पुठ्ठा चढतो.

हे मी स्टेशनजवळच्या दुकानाच्या काउंटरवर सांगायला गेलो. शेठ म्हणाले, “साहेब, बिअर कधी खराब होते का? तारीख आहे ना अजून.” मी म्हटलं, पापलेट घेताना कल्ले उघडून बघता की नाही? हा माल तसाच आहे. मागे रांग होती, एकाने “काका, क्वार्टर द्या आधी, मग मासळी बाजार भरवा” म्हणून आवाज दिला. शेठनी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट केलं. माझा राग शेठवर कमी आणि ब्रुअरीवर जास्त आहे. एवढे महागडे हॉप्स घालायचे, कॅनवर चित्रकाराकडून रंगीबेरंगी चित्र काढून घ्यायचं, आणि तारीख मात्र बुडाला, ओल्या अंगठ्याने पुसली जाईल अशा शाईत. चित्राच्या शेजारी, वाचता येईल अशा अक्षरात छापायला काय जातं? ‘थंड ठेवा’ ही सूचनाही आहे म्हणे, मला ती चष्मा लावून सापडली.

मेहुण्याने यावरही मुद्दा काढला. “दाजी, आयपीए म्हणे विलायतेहून जहाजाने मुंबईला यायची. सहा महिने समुद्रात टिकायची, आणि तुमची फळीवर टिकत नाही?” प्रश्न चांगला आहे, मलाही पडला होता. लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रुअरीची आणि पुढे इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ब्रुअऱ्यांची बिअर आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोचायची, हे खरं. पण ती पिंपात मुरण्यासाठीच बनवलेली, हॉप्स टिकाऊपणासाठी, आणि लोकांना ती मुरलेलीच हवी असायची. डबल आयपीए हे वेगळं प्रकरण. तिचं श्रेय कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युलाच्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत १९९४ साली विनी सिलुर्झोने बनवलेल्या बिअरला देतात. यंत्रं जुनाट, चवीत दोष राहील या भीतीने, तो झाकायला त्याने हॉप्स जवळजवळ दुप्पट टाकले. पुढे त्याच माणसाच्या रशियन रिव्हर ब्रुअरीने ‘प्लिनी द एल्डर’ या आपल्या डबल आयपीएच्या लेबलवर थंड ठेवा, ताजी प्या, साठवू नका अशी चक्क तंबीच छापली. हिची सगळी मजा वासात आहे आणि वास सगळ्यात आधी जातो. मेहुणा म्हणाला, “म्हणजे जास्त पैसे देऊन लवकर नासणारी घ्यायची.” याला उत्तर नाही.

तरीही घेतोय. ताज्या कॅनला नऊ कायम, दिवाळीच्या कॅनला दोन, तेही फेस आला म्हणून. स्टेशनजवळच्या दुकानातून आता फक्त सोडा घेतो. मॉलमध्ये जायला रिक्षाचे पैसे पडतात, म्हणून महिन्यातून एकदाच जातो आणि प्रत्येक कॅन उलटा करून बघतो. तारीख दोन महिन्यांच्या आतली असेल तरच पिशवीत, पुसलेली असेल तर परत फ्रिजमध्ये. तिथला पोरगा आता मला बघून स्वतःच मागच्या रांगेतले काढून देतो, कारण जुना माल पुढे लावायची पद्धत तिथेही आहेच. घरी येताना पिशवीत बर्फाचं पाकीट.

एप्रिल-मेमध्ये मात्र कॅन बंद. गोदामापासून दुकानापर्यंतचा टेम्पो काही फ्रिजवाला नसतो. पुण्यात २००९ साली डूलाली ही जागेवरच बिअर बनवून देणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे टॅपवर ताजी पिण्याची सोय वाढत गेली आहे, ती त्या दोन महिन्यांत वापरायची. ग्लासला कॅनपेक्षा जास्त पडतात, वर सर्व्हिस चार्ज. अर्ध्या ग्लासवर भागवेन.