पिवळा ऑक्टोपस की गळ्यातला बॅकअप?

बहुतेक स्कूबा डायव्हर पिवळ्या ऑक्टोपसवरच शिकतात, म्हणजे जोडीदारासाठी ठेवलेल्या जादा रेग्युलेटरवर (टाकीतली हवा तोंडात देणारा भाग). साधारण 1 मीटरची नळी, हनुवटी ते बरगड्या या पट्ट्यात अडकवलेला रेग्युलेटर. जोडीदाराची हवा संपली की तोच त्याला द्यायचा. सोपं आहे. अडचण अशी की तो क्लिपमधून निसटतो, मागे लोंबकळतो, वाळूत घासत जातो आणि नेमका लागेल तेव्हा हाताला सापडत नाही.

दुसऱ्या मांडणीत तोंडातलाच रेग्युलेटर द्यायचा. त्याची नळी 2 मीटरच्या आसपास. बॅकअप आखूड नळीवर, इलॅस्टिक दोरीने हनुवटीखाली. घाबरलेला माणूस बहुधा तोंडातल्यावरच झडप घालतो (त्याला पिवळा रंग कुठला दिसायला!), आणि तो चालू आहे याची खात्रीही असते. ही पद्धत गुहांमध्ये रुळली, कारण अरुंद वाटेत एकामागोमाग बाहेर पडावं लागतं. मात्र लांब नळी अंगाभोवती नीट घ्यायला सराव हवा, आणि जोडीदाराला पाण्यात उतरण्याआधी दाखवायलाच हवं.

वर्षाकाठी एखाद-दुसरी डाइव्ह, तीही भाड्याच्या सामानावर? ऑक्टोपस पुरे. स्वतःचा सेट घेणार असाल तर मी गळ्यातलाच सुचवेन. फक्त बॅकअप म्हणून श्वास ओढायला जड जाणारा रेग्युलेटर घेऊ नका. हवा दिल्यावर वर येईपर्यंत तुम्हालाच त्यावर राहायचंय.