बोस्टनची 'इटालियन फूड टूर': आमचे ९७९ डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

नॉर्थ एंडमध्ये, म्हणजे बोस्टनच्या इटालियन वस्तीत, ग्रुपने खाद्यभ्रमंती ठरवत असाल तर आधी हे वाचा. अकरा जणांचे माणशी ७९ प्रमाणे ८६९ डॉलर, आणि दुसऱ्या दिवशी 'टेबलं धरून ठेवायला' म्हणून मागितलेले ११०. एकूण ९७९.

शनिवारी सहाला पॉल रिव्हिअरच्या पुतळ्यापाशी जमायचं होतं. साडेसातपर्यंत उभे होतो. टूरवाल्याचा फोन बंद, ज्या ऑनलाइन पानावरून बुकिंग केलं ते गायब. हॅनोव्हर स्ट्रीटवर तोवर दारोदार रांगा. अकरा जणांना ऐनवेळी टेबल कोण देणार? पुण्याहून आलेल्या सासूबाईंना फुटपाथवर उभ्याने पिझ्झा खायला लागला. मला अजून त्यांच्याकडे बघवत नाही.

'इतकी शिकलेली माणसं फसतात कशी' म्हणणाऱ्यांना सांगते, पानावर चुकीचं काही नव्हतं. १७२३ चं ओल्ड नॉर्थ चर्च, १९१९ मध्ये कमर्शियल स्ट्रीटवर काकवीची टाकी फुटून गेलेले २१ जीव, सगळं बरोबर.

खटकायला हवं होतं ते एकच उत्तर. मी कळवलं होतं की आमच्यात सहा शाकाहारी आहेत, दोघं अंडंही खात नाहीत. मिनिटभरात उत्तर: 'नो प्रॉब्लेम, चीज आणि कनोली सगळं व्हेज.' अहो, अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटवर, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थावर बनतं! कनोली म्हणजे गोड चीज भरलेली तळलेली नळी, तिच्या कवचात बरेचदा अंडं असतं. या गल्ल्यांतून रोज माणसं फिरवणाऱ्याने उलट चार प्रश्न विचारले असते. आणि हे मला माहीत होतं, दुकानात मी प्रत्येक पाकीट उलटून वाचते. पण त्याच मेसेजखाली 'दुसरा ग्रुप हीच वेळ मागतोय' होतं, आणि इकडे आमच्या ग्रुपवर 'झालं का बुकिंग?' चालू होतं. अकरा जणांची एक तारीख जुळवून बघा, मग मला बोला.

पैसे फोन नंबरवर थेट बँकेतून पाठवले. आपल्या यूपीआयसारखंच, गेले की गेले. कार्डानेच भरा, क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. टूरवाला 'कार्ड चालत नाही' म्हणाला की फोन ठेवा.

बँकेचं म्हणणं, तुम्ही स्वतः बटण दाबलंत, म्हणजे व्यवहार अधिकृत. खातं कोणाचं ते सांगणार नाहीत, कारण गोपनीयता! त्यांच्याकडे त्याचं नाव आहे, पत्ता आहे, आणि संरक्षण त्यालाच. पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरायला लावून एक नंबर दिला. त्या नंबराचं पुढे काय होतं, ते तिथल्या कोणालाच सांगता येईना. ज्या साइटवर ते पान होतं ती म्हणते, पान उरलं नाही, तपासणार काय? स्क्रीनशॉट आहेत म्हटलं, तर जोडायची सोयच नाही. सरकारी तक्रार-साइटवर तर वैयक्तिक प्रकरणं सोडवत नाही असं सरळ लिहिलंय. मग जायचं कुणाकडे?

टूरमध्ये ज्या बेकरीचं नाव असेल तिथे फोन करून विचारा, अशी टूर येते का. आम्ही नंतर केला. त्यांनी नावही ऐकलेलं नव्हतं. स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढा.

परवा तेच फोटो नव्या नावाच्या पानावर दिसले: लाल चौकड्यांचं टेबलक्लॉथ, त्यावर कनोलीची थाळी, माणशी ६९ डॉलर. मी खाली खरं लिहिलं, ते लगेच काढून टाकलं. दर बदलेल, नाव बदलेल, फोटो लक्षात ठेवा.