ऑक्टोपस ट्रायपॉड की पाच फुटी? स्वयंपाकघरात दोन्ही वापरल्यावर

आईच्या रेसिपींचे व्हिडिओ करताना मी दोन्ही ट्रायपॉड वापरले. एक वाकणाऱ्या पायांचा, ज्याला दुकानात ऑक्टोपस म्हणतात. दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, पाय ओढले की पाच फुटांपर्यंत जाणारा, हँडलवाला. घरी फोनवर शूट करायचं म्हटलं की निवड बहुतेक या दोघांतच अडते, म्हणून माझा अनुभव सांगतो.

ऑक्टोपस आधी घेतला आणि त्याचं मला अजूनही कौतुक आहे. आमचं डोंबिवलीचं स्वयंपाकघर एवढंसं. आई ओट्याशी उभी असली की मागून दुसऱ्याने जायचं तर आडवं व्हावं लागतं. अशा ठिकाणी जमिनीवर काहीच न ठेवता खिडकीच्या गजाला किंवा भांड्यांच्या रॅकला पाय गुंडाळायचे आणि शूट सुरू करायचं, ही फार मोठी सोय आहे. गावी जाताना तो झोळीत कुठेही मावतो. टेबलावर ठेवून समोर बसून बोलायचं असेल, तर त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती फोन खाली वाकवला की. स्वयंपाकात कॅमेऱ्याला चेहरा नको असतो, हात हवे असतात, म्हणजे फोन पुढे झुकलेला. त्याचं वजन सांध्याच्या पुढे जातं आणि तो सांधा फक्त घर्षणावर धरलेला असतो. कितीही घट्ट करा, तो हळूहळू मान टाकतो. इतका हळू की शूट करताना कळतही नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ करत होतो. आईने पारी केली, सारण भरलं, एकेक कळी पाडत गेली. मी मागे उभा राहून आवाज नीट येतोय ना एवढंच पाहत होतो. नंतर बघितलं तर सुरुवातीला मधोमध असलेले आईचे हात शेवटी वरच्या कडेला गेलेले, आणि कळ्या एकत्र करून टोक काढते तो क्षण चौकटीबाहेर. पुन्हा कर म्हणायची सोय नव्हती. उकड गार झाली की पारीला चिरा जातात. आई म्हणाली, “अरे, पुढच्या घाण्याला घे.” पण पुढच्या घाण्यालाही तेच झालं.

नवा असताना माझा ऑक्टोपस बरा होता, हे सांगायला हवं. वापरून वापरून पायांचे सांधे सैल झाले. शिवाय माझ्याकडचा स्पंजच्या आवरणाचा, त्यात फोडणीचं तेल मुरलं ते मुरलंच. महागातला, जाड सांध्यांचा घेतला तर कदाचित तो जास्त टिकेल.

पाच फुटीने मात्र माझा हा त्रास संपवला. त्याचं डोकं वर-खाली एकाच आसावर फिरतं आणि हँडल पिळलं की अडकतं. पिळताना एक केसभर खाली येतं, म्हणून मी फोन आधी किंचित वर ठेवतो. त्यानंतर पुरणपोळीचा अख्खा व्हिडिओ होईपर्यंत ते जागचं हललेलं मी पाहिलेलं नाही. तेलकट झाला तर ओल्या फडक्याने पुसून घेतो.

त्रास यालाही आहेत. तीन पाय पसरले की स्वयंपाकघराची वाट अडते. आई दोनदा अडखळली, तेव्हापासून मी तो ओट्याच्या टोकाशी कोपऱ्यात लावतो, एक पाय फोनच्या दिशेला काढून, म्हणजे पुढे कलंडत नाही. मधला दांडा पूर्ण वर ओढला तर कुकर ठेवल्याच्या धक्क्यानेही चित्र थरथरतं. त्यामुळे उंची आधी पायांनी घ्यायची, दांडा अगदी शेवटी. दांड्याखाली हुक असेल तर त्याला दोन किलो तांदळाची पिशवी अडकवून बघा, हलका ट्रायपॉडही ठाम उभा राहतो. आणि अगदी वरून, रांगोळीसारखं सरळ खाली बघणारं चित्र याने जमत नाही. बाजूने तिरकं मिळतं. माझ्या मते हातांची हालचाल त्यात उलट जास्त कळते, पण रांगोळीच करणाऱ्यांना ते पुरणार नाही.

स्क्रू दोन्हींना सहसा तोच पाव इंची असतो, त्यामुळे फोनचा होल्डर बदलावा लागत नाही. पुढे मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा वेगळा कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर लेन्ससकट तो फोनच्या तिप्पट-चौपट भरतो. ते वजन माझ्या ऑक्टोपसवर ठेवायची माझी हिंमत झाली नसती.

तेव्हा समोर बसून बोलणार असाल, सतत फिरतीवर असाल किंवा जमिनीवर खरोखरच जागा नसेल, तर ऑक्टोपस घ्या. हातांचं काम दाखवायचं असेल, मग तो स्वयंपाक असो, शिवण असो की पेटीवरची बोटं, तर मी पाच फुटीच घेईन.

कुठलाही घेतलात तरी दुकानात आपलाच फोन लावून बघा. कॅमेऱ्यातली ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू करा, फोन खाली वाकवा, फरशीच्या सांध्यावर त्यातली एक रेघ जुळवा आणि पाच मिनिटं हात न लावता थांबा. रेघ सांध्यावरून सरकली, तर दुसरा दाखवा म्हणून सांगा.