पॅनक्रियाजच्या कॅन्सरची ट्रायल: मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या ट्रायल विभागाचा रिव्ह्यू

मामांना पॅनक्रियाजचा (स्वादुपिंडाचा) कॅन्सर आहे, लोकली अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे लिव्हरला वगैरे पसरलेला नाही पण आतड्याला रक्त नेणाऱ्या मोठ्या आर्टरीला असा वेढा घालून बसलाय की सर्जननी सध्या ऑपरेशन नको म्हणून सांगितलं, मग नव्या औषधाच्या ट्रायलचा विषय निघाला. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही.

सगळ्यात भावलं ते कन्सेंटचं, म्हणजे पेशंटची संमती घेण्याचं काम. मराठीतला जाडजूड फॉर्म कोऑर्डिनेटर मॅडमनी पान पान वाचून दाखवला आणि मग म्हणाल्या, "काका, आता तुम्ही सांगा, काय कळलं तुम्हाला?" मामा म्हणाले, नव्या औषधाने मी बरा होणार. मॅडमनी सही घेतलीच नाही, पेन बाजूला ठेवलं आणि परत पहिल्यापासून सांगायला बसल्या, की हे औषध चालतं का तेच बघायचंय, गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. मामी रडायला लागली, तिलाही वेळ दिला, फॉर्म घरी न्या म्हणाल्या. जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही नेहमीची किमो सगळ्यांनाच मिळते, त्यावर नवी कॅप्सूल कोणाला द्यायची ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरसुद्धा नाही. ट्रायल मधेच सोडली तरी नेहमीची ट्रीटमेंट चालू राहते हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

मी डॉक्टरांना पामरेव्हलुमॅब या आधी टेस्ट झालेल्या दुसऱ्या एका औषधाबद्दल विचारलं, सुरुवातीला याच स्टेजच्या पेशंटमध्ये केवढी आशा होती त्याच्याबद्दल आणि 2024 ला कळलं की फेज 3 मध्ये, म्हणजे मोठ्या ट्रायलमध्ये, त्याने आयुष्य वाढलं नाही. डॉक्टर अजिबात चिडले नाहीत, म्हणाले म्हणूनच तर टेस्ट करायचं.

एक स्टार कापला तो रक्ताच्या दिवसासाठी. औषधाची रक्तातली लेव्हल बघायला ठराविक तासांनी सॅम्पल घेतात, त्यात दिवस जातो, आणि नातेवाईकांना बसायला धड खुर्ची नाही, मामी डोंबिवलीहून लोकलने येऊन जिन्यात बसते, हे खरंच बरोबर नाही. सीटी स्कॅनची तारीखही दोनदा पुढे ढकलली, फोन आम्हीच करायचा.

कोणी विचार करत असाल तर आधी सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायल्सची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीच्या) साइटवर ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर टाकून बघा, फुकट आहे. पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर फॉर्मवर असतो, तो मोबाइलमध्ये सेव्ह करा. आणि औषधामुळे त्रास झाला तर उपचाराचा खर्च कोण करणार ते सहीच्या आधी त्या पानावर बोट ठेवून विचारा.