स्टॅकिंगचे सात-आठ महिने: नॉइज गेला, मग बाकीचं दिसायला लागलं

रात्रीच्या आकाशाचे एकाच जागेवरून भरपूर फोटो काढायचे, सॉफ्टवेअरमध्ये तारे एकमेकांवर जुळवायचे आणि सगळ्यांची सरासरी घ्यायची. स्टॅकिंग म्हणतात ती ही पद्धत गेले सात-आठ महिने मी नेमाने वापरते आहे. साधा ट्रायपॉड, फुलफ्रेम कॅमेरा, २४ आणि ५० मिमीच्या लेन्स, आणि अलीकडे एक छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र). सॉफ्टवेअर तीन: सिक्वेटर, डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल. तिन्ही फुकट. निकाल आधीच सांगून टाकते. नॉइज (अंधारातल्या फोटोत उठणारे रंगीत दाणे) कमी होतो, अगदी गणित सांगतं तितकाच. पण तो गेला की त्याच्याआड लपलेली बाकीची घाण वर येते, आणि खरा वेळ तीच खाते.

गणित सोपं आहे. जितक्या फ्रेम (म्हणजे एकेक फोटो), त्यांच्या वर्गमुळाइतक्या पटीने नॉइज कमी. ४ फ्रेमला निम्मा, १६ ला पाव, ६४ ला आठवा हिस्सा. म्हणजे पहिल्या १६ फ्रेममध्ये जो फरक डोळ्यांत भरतो, तो पुन्हा दुप्पट करायला आणखी ४८ लागतात. २४ मिमीवर १२ सेकंदांच्या २० फ्रेम म्हणजे जेमतेम चार मिनिटांचं काम, आणि नॉइज जवळजवळ साडेचारपट कमी. धनू राशीच्या बाजूचा आकाशगंगेचा पट्टा घेतला तर एकट्या फ्रेममध्ये धुळीच्या काळ्या शिरा उचलायला गेलं की हिरवे-जांभळे ठिपके उठतात. २० फ्रेमच्या स्टॅकमध्ये त्याच शिरा निवांत ताणता, म्हणजे उजळून ठळक करता येतात. माझ्या मते ट्रायपॉडवरच्या निसर्गचित्रासाठी २० ते ३० फ्रेम पुरे. त्यापुढे मिळतं कमी आणि कटकट जास्त.

हे चालतं कशामुळे, तर प्रकाश फोटॉनच्या रूपात अनियमितपणे येतो आणि प्रत्येक फ्रेममधली थरथर वेगळी असते. तारा मात्र दर वेळी तोच. सरासरीत थरथर एकमेकींना खोडते, तारा उरतो. नवलाईचं काही नाही. १९९५ च्या डिसेंबरमध्ये हबल दुर्बिणीने घेतलेला डीप फील्ड ३४२ एक्स्पोजर एकत्र करूनच बनला होता. आणि २०१९ मध्ये गुगलच्या पिक्सेल ४ फोनमध्ये आलेला ताऱ्यांचे फोटो काढायचा मोडही १६ सेकंदांपर्यंतच्या जास्तीत जास्त १५ फ्रेम घेऊन हेच करतो.

एआय डीनॉइज, म्हणजे एकाच फोटोतला नॉइज पुसणारं साधन, असताना एवढा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. एकच फ्रेम हाताशी असेल तर ते साधन जरूर वापरावं. पण अंधूक तारा कुठला आणि ठिपका कुठला हे ते अंदाजाने ठरवतं. स्टॅकमध्ये तो तारा वीसही फ्रेमच्या साक्षीने येतो. मी आधी स्टॅक करते, मग वाटलंच तर हलकासा डीनॉइज.

आता घाणीकडे येऊ. जो नॉइज दर फ्रेमला बदलतो तो जातो. जो सेन्सरवर जागच्या जागी बसलेला असतो, तो जात नाही. स्थिर ट्रायपॉडवर आकाश तासाला १५ अंशांनी एकाच दिशेला सरकतं. सॉफ्टवेअर ताऱ्यांना जागेवर आणतं, त्यामुळे सेन्सरचे गरम पिक्सेल (अंधारातही उगाच चमकणारे ठिपके) उलट्या दिशेने सरकत जातात आणि सगळ्या चित्रभर तिरके बारीक ओरखडे उमटतात. याला वॉकिंग नॉइज म्हणतात, आणि फ्रेम वाढवून तो हटत नाही. बाकीचा नॉइज गेल्यामुळे उलट जास्तच ठळक होतो. त्यावर औषध म्हणजे डिदरिंग: दर चार-पाच फ्रेमनंतर ट्रायपॉडचं डोकं किंचित हलवायचं, आणि दर वेळी वेगळ्या दिशेला. सॉफ्टवेअरला काही फरक पडत नाही, तारे ते शोधून काढतंच. गरम पिक्सेल मात्र विखुरले जातात आणि सिग्मा क्लिपिंग (बाकीच्या फ्रेमपेक्षा फार वेगळं दिसणारं वगळायची पद्धत) त्यांना उचलून बाहेर फेकतं. सात-आठ महिन्यांत निकालात सर्वात मोठा फरक कशाने पडला असेल तर या फुकटच्या हलवण्याने. कुठल्याही सेटिंगने इतका पडला नाही.

डार्क फ्रेम, म्हणजे लेन्सवर टोपण लावून घेतलेल्या फ्रेम, उपयोगी आहेत. पण एक्स्पोजर, आयएसओ आणि तापमान तेच असेल तरच. सेन्सर ५ ते ८ अंश सेल्सिअसने तापला की डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही सेन्सरमध्ये साचणारा खोटा सिग्नल, साधारण दुप्पट होतो. त्यामुळे संध्याकाळी घेतलेल्या डार्क पहाटेच्या गार फ्रेमला लावल्या तर जिथे ठिपका नव्हता तिथे काळा खड्डा पडतो. मी त्या सत्राच्या शेवटी, कॅमेरा तिथेच असताना घेते. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मात्र बंद ठेवायचं. ते प्रत्येक फ्रेममागे तेवढ्याच वेळाची डार्क घेतं, म्हणजे अंधाराचा निम्मा वेळ वाया आणि फ्रेमच्या मधे खिंडारं.

फ्लॅट फ्रेमचा बहुतेकांना कंटाळा असतो. मलाही आहे. पण एफ २.८ ला लेन्सचे कोपरे काळवंडतात आणि स्टॅक ताणला की ते विहिरीसारखे खोल दिसतात. एकसारख्या उजेडाच्या पांढऱ्या पडद्यासमोर, फोकस आणि अ‍ॅपर्चर न हलवता वीसेक फ्लॅट घेतल्या की कोपरेही सुधारतात आणि सेन्सरवरच्या धुळीचे डागही जातात. शहराच्या दिव्यांचा पिवळट चढ मात्र फ्लॅटने जात नाही, स्टॅकनेही नाही. त्याला सिरिलमधलं बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन किंवा ग्राएक्सपर्ट हे सॉफ्टवेअर लागतं. फ्रेममध्ये डोंगर किंवा झाडं असतील तर त्यांनाही ते आकाशच समजू शकतं, म्हणून आकाशाचा उजेड जिथून मोजायचा ते नमुन्याचे बिंदू हातानेच ठेवावेत.

सॉफ्टवेअरबद्दल. जमीन आणि आकाश एकाच चित्रात असेल तर मी सिक्वेटरच उघडते. आकाशाचा भाग ब्रशने रंगवायचा, जमीन गोठवायचा पर्याय निवडायचा, झालं. ते विंडोजवरच चालतं, ही त्याची मर्यादा. डीपस्कायस्टॅकर प्रत्येक फ्रेमला गुण देतं आणि वरच्या ८० टक्के घे असं सांगता येतं. ढग येऊन-जाऊन असलेल्या रात्री हे फार कामाचं. मात्र रुंद लेन्स आणि खाली जमीन, हे त्याचं क्षेत्र नव्हे.

देवयानी दीर्घिका, मृगातला तेजोमेघ अशा गोष्टींसाठी सिरिल. लाइट (आकाशाच्या फ्रेम), डार्क, फ्लॅट, बायस (टोपण लावून सर्वात कमी एक्स्पोजरने घेतलेल्या फ्रेम) असे चार फोल्डर त्याला हव्या त्या इंग्रजी नावांनी करायचे आणि स्क्रिप्ट चालवायची. शेवटी जवळजवळ काळाकुट्ट फोटो समोर येतो. घाबरायचं नाही, तो अजून ताणलेला नसतो. डिस्प्ले ऑटोस्ट्रेचवर टाकला की सगळं दिसतं. सरासरी घ्यावी की मीडियन (सगळ्या फ्रेममधली मधली किंमत), यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मीडियन उपग्रहांच्या रेघा काढतो, पण सरासरीच्या तुलनेत साधारण २५ टक्के जास्त नॉइज ठेवतो. सिग्मा क्लिपिंगसह सरासरी दोन्ही कामं करते, फक्त फ्रेम दहा-पंधरापेक्षा जास्त हव्यात.

डिस्कची जागा हा खरा जाच. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५-३० एमबीची असते, पण रंगीत ३२ बिटमध्ये उलगडली की एकेक फ्रेम २८८ एमबी होते. ६० फ्रेम म्हणजे १७ जीबीच्या वर, तेही एकाच टप्प्यावर. मधल्या टप्प्यांच्या फायली धरल्या तर याच्या दोन-तीनपट मोकळी जागा असू द्या.

एका फ्रेमचं एक्स्पोजर किती, हा नेहमीचा प्रश्न. ५०० ला फोकल लेंग्थने भागायचा जुना नियम २४ मिमीला साधारण २१ सेकंद देतो. आजच्या दाट सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबुळके होतात. म्हणून माझे १२. फार कमीही नको, कारण रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा नॉइज) दर फ्रेममागे एकदा भरावाच लागतो. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटलेला दिसला की पुरे. आयएसओ १६०० किंवा ३२००. ५० मिमीवर अर्धा तास स्थिर ट्रायपॉडने काढलं तर आकाश साडेसात अंश सरकतं आणि रुंदीचा जवळजवळ पाचवा हिस्सा कापावा लागू शकतो. ट्रॅकर घेतला तो यासाठी.

शेवटची गोष्ट मिथुन उल्कावर्षावासारख्या रात्री फोटो काढणाऱ्यांसाठी. सिग्मा क्लिपिंगला उपग्रह आणि उल्का यांत फरक कळत नाही. जे एकाच फ्रेममध्ये आहे ते सरळ पुसलं जातं, आणि स्टॅकमध्ये स्वच्छ, सुंदर, उल्काविरहित आकाश उरतं. म्हणून स्टॅक करण्याआधी प्रत्येक फ्रेम डोळ्यांखालून घालायची आणि उल्का असलेल्यांचे क्रमांक टिपून ठेवायचे. तारे जुळवून झाल्यावर त्याच क्रमांकांच्या जुळवलेल्या फ्रेम वेगळ्या काढायच्या आणि तयार स्टॅकवर लाइटन मोडमध्ये (दोन्हींपैकी जास्त उजळ पिक्सेल ठेवणाऱ्या), मास्क लावून फक्त उल्केपुरत्या उघडायच्या. तात्पुरत्या फायली उडवून डिस्क मोकळी करायची घाई त्यानंतर.