लघवीच्या त्रासावर ‘गुप्त’ औषध घेतलं आणि फसले

माझं वय ६९. गेली चार-पाच वर्षं मला लघवी धरवत नाही. लागली की लागलीच, बाथरूमपर्यंत पोहोचायचीही उसंत मिळत नाही. बाहेरून आल्यावर कुलपात किल्ली घालता घालता कपडे ओले व्हायचे. नुसता नळाचा आवाज कानावर पडला तरी तेच. रात्री तीन-चारदा उठणं होतंच. हळूहळू मी बाहेर जाणंच सोडलं. गुडघ्यांमुळे आई घरात बसते असं मुलाला आणि सुनेला वाटायचं, आणि मीही त्यांना तसंच वाटू दिलं. माझ्या फसवणुकीची सुरुवात तिथूनच झाली, म्हणून आधी हे सांगितलं.

मोबाईलवर एक जाहिरात दिसली. ‘ऑपरेशन नाही, तपासणी नाही, ४५ दिवसांत मूत्राशय पूर्ववत.’ नाव आणि नंबर भरला आणि दहा मिनिटांत फोन आला. बोलणाऱ्याने स्वतःला डॉक्टर म्हणवलं. आवाज फार मायेचा होता. “आई, मला मुलासारखा समजा. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं ना? शिंकलं, खोकलं की थेंब गळतात? पाण्याचा आवाज ऐकला की घाई होते?” प्रत्येक प्रश्नाला मी हो म्हणत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हे विचारत होतं. फोन ठेवल्यावर मी रडले.

हे प्रश्न या त्रासाच्या कोणत्याही माणसाला लागू पडतात, हे आज कळतं. मुद्दाम लक्षात घ्यावं असं म्हणजे त्याने काय विचारलं नाही ते. कोणत्या गोळ्या चालू आहेत, साखर तपासली का, लघवीला जळजळ होते का, लघवीतून कधी रक्त गेलं का, पोट साफ होतं का, यातलं एकही नाही. शिंकताना गळणं आणि घाई होऊन गळणं हे दोन वेगळे त्रास आहेत, त्यांचे इलाजही वेगळे. त्याने दोन्हींवर एकच बाटली दिली.

“कुणाला सांगू नका आई, घरचे उगाच काळजी करतात. पार्सल साध्या खोक्यात येईल, वर काही लिहिलेलं नसेल.” या वाक्यासाठी मी पैसे भरले असं म्हटलं तरी चालेल. मला औषधापेक्षा तो गुप्तपणा हवा होता.

पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत तपकिरी गोळ्या होत्या. लेबलवर पानांचं चित्र आणि ‘१००% नैसर्गिक’. घटक, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, मुदतीची तारीख यातलं काहीही नव्हतं. घरात कुणी दुसऱ्याने अशी बाटली आणली असती तर मी ती फेकायला लावली असती. सोबत फोनवरून दोन सूचना आल्या: पाणी निम्मं करा आणि रक्तदाबाची गोळी बंद करा, तिच्यामुळेच लघवी होते. मी दोन्ही पाळल्या.

पहिल्या आठवड्यात खरंच फरक पडला. लघवीला जाणं कमी झालं, आणि मी पुढच्या दोन महिन्यांच्या बाटल्याही मागवल्या. मग तोंड कोरडं पडायला लागलं, इतकं की जीभ टाळूला चिकटायची. पोट साफ होईना. बोलता बोलता शब्द आठवेनात. आणि एक दिवस वेगळंच सुरू झालं: घाई नाही, काही नाही, पण थेंब थेंब सतत गळतंय, आणि ओटीपोट दगडासारखं. मी फोन केला. “चांगलं लक्षण आहे आई, मूत्राशय साफ होतंय. डोस दुप्पट करा.” मी दुप्पट केला.

दुसऱ्या रात्री सुनेने मला बाथरूममध्ये कण्हताना ऐकलं. हॉस्पिटलमध्ये नळी घातली तेव्हा ८०० मिलिलिटरहून जास्त लघवी निघाली. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मावते. मूत्राशय रिकामं होतच नव्हतं, काठोकाठ भरून ओसंडत होतं आणि मी त्याला औषधाचा गुण समजत होते. डॉक्टर म्हणाले, गोळीत काय आहे ते लेबलवर नाही, त्यामुळे ठामपणे सांगता येत नाही. पण मूत्राशयाचा स्नायू शिथिल करणारी खरी औषधं असतात, त्यांचा डोस जास्त झाला की अगदी हेच होतं. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, म्हाताऱ्या माणसात गोंधळ, आणि लघवी अडकणं. म्हणून तर ती औषधं देण्याआधी लघवी करून झाल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत बघतात.

मी पैसे परत मागितले तेव्हा तो मायेचा आवाज बदलला. “तुमच्या आजाराचं सगळं रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे. मुलाशी बोलू का?” तोवर मुलाला कळलेलं होतं, हे माझं नशीब. नाहीतर मी गप्प बसण्यासाठी आणखी पैसे भरले असते, नक्की भरले असते. मुलाने बँकेत आणि पोलिसांत तक्रार दिली. पैसे अजून आलेले नाहीत.

खरा इलाज निघाला तो इतका साधा की मला त्या वाया गेलेल्या वर्षांचं वाईट वाटतं. डॉक्टरांनी तीन दिवसांची डायरी लिहायला सांगितली: किती वाजता किती प्यायले, किती लघवी झाली (मापाच्या भांड्यात), कधी गळलं. दिवसाला १३ वेळा जात होते, आणि बहुतेक वेळा जेमतेम १०० मिलिलिटर. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, त्यावर औषध झालं. पाणी कमी केल्याने लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं, म्हणून पाणी पुन्हा नेहमीएवढं, फक्त झोपण्याआधीचे दोन-तीन तास बेताने. चहा-कॉफी कमी. रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू झाली, तिची वेळ तेवढी डॉक्टरांनी बदलून दिली. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात ते आवळण्याचा व्यायाम शिकवला. हा व्यायाम डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला, म्हणजे त्यात गुप्त असं काहीच नाही. फरक कळायला तीन महिने लागतात हेही आधीच सांगितलं. शिवाय घाई झाली की धावायचं नाही, जागच्या जागी थांबून स्नायू आवळायचे, लाट ओसरू द्यायची, मग चालत जायचं. दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवत नेलं.

आता दिवसाला आठ वेळा, रात्री एकदा. बाहेर जाताना पॅड अजून लावते. गरज पडली तर घाई कमी करणाऱ्या मिराबेग्रॉनसारख्या गोळ्या आहेत, त्यापुढे मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन आहे, पण ते रक्तदाब, आत उरणारी लघवी सगळं बघून, असं डॉक्टर म्हणतात. ‘पूर्ववत’ हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. या वेळी बाई होत्या. त्यांना माझं नाव, माझा त्रास, घेतलेल्या बाटल्यांची संख्या, सगळं माहीत होतं. “तुमची फसवणूक झालीय, आम्ही पैसे परत मिळवून देतो. आधी थोडी प्रोसेसिंग फी भरा. आणि हे सध्या घरी बोलू नका.” सून शेजारी बसली होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, “माझी सून ऐकतेय. त्या गोळ्यांत काय होतं ते आधी सांगा.”

फोन कट झाला.